पोचपावती

वृषालीच्या वहीत अकरा नावं होती. दहा नावांपुढं फोन नंबर होते. अकराव्या नावापुढं नंबर नव्हता, नुसती बरोबरची खूण होती, कारण ते नाव माझं होतं.

"हे बघ," ती म्हणाली, "या अकराजणांकडं आधीच दुसरी पोस्ट आहे, किंवा असावी असा मला संशय आहे. यातले तिघं बाहेर पडले की माझं झालं."

आम्ही अभ्यासिकेच्या गच्चीवर उभ्या होतो. मार्च महिना, दुपारचे चार. कराडच्या स्टँडवरचे गाड्यांचे पुकारे वरपर्यंत ऐकू येत होते. वृषालीनं ओढणी डोक्यावर घेतली होती आणि वही पाण्याच्या टाकीवर ठेवून ती एकेक नंबर लावत होती.

ज्यांनी या परीक्षा दिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. स्पर्धा परीक्षेत एकाच माणसाची दोन-दोन ठिकाणी निवड होते, पण नोकरी एकच करता येते. म्हणून अंतिम यादी लावण्याआधी सात दिवस दिले जातात. ज्याला ते पद नको असेल त्यानं ऑनलाइन जाऊन आपलं नाव काढून घ्यायचं. त्यानं काढलं की खालचा एकजण वर सरकतो. तो गप्प बसला तर ते पद त्याच्याच नावावर लागतं आणि खालचा खालीच राहतो. त्यामुळं त्या सात दिवसांत यादीच्या उंबरठ्यावरची पोरं वरच्यांचे नंबर कुठून कुठून मिळवतात आणि अनोळखी माणसांना फोन लावत बसतात. त्या वर्षी कर निरीक्षकाच्या यादीत आमच्या प्रवर्गात माझं नाव होतं आणि वृषाली तीन जागांनी बाहेर होती.

"नमस्कार सर, मी कराडहून वृषाली शेडगे बोलतेय. आधी तुमचं मनापासून अभिनंदन." तिचा आवाज फोनवर एकदम आकाशवाणीसारखा व्हायचा. "सर, तुमची मागच्या वर्षी पण निवड झालीय असं कळलं... हो का? मग सर, ही पोस्ट तुम्ही घेणार आहात का?"

पलीकडच्यानं काहीतरी खेकसून फोन ठेवला. तिनं त्याच्या नावापुढं बारीक फुली मारली आणि पुढचा नंबर लावला.

"तुला लाज नाही वाटत गं?" मी विचारलं.

"कसली लाज? मी काय त्याची नोकरी मागतेय? त्याला नको असलेली मागतेय."

"मला नसतं जमलं बाई."

"ते माहितीये मला," ती हसून म्हणाली. "तुला पाणी मागायला पण जड जातं."

दहाजणांना तिनं सर, मॅडम, दादा करत विनवलं. मी शेजारी उभी राहून वाट बघत होते की आता ही माझ्याकडं वळेल. मला काही पाय धरून घ्यायचे नव्हते, पण एकदा तरी तिनं तोंड उघडून मागावं असं मला फार वाटत होतं. ती वळली आणि वही मिटत म्हणाली, "तुझं तू निवांत कर गं. सात दिवस आहेत."

मी नायब तहसीलदार झाले होते. जानेवारीत अंतिम यादी लागली होती आणि नेमणुकीचं पत्र यायचं होतं. त्यामुळं कर निरीक्षक मला नको होतं, ते मी सोडणार हे अख्ख्या अभ्यासिकेनं गृहीत धरलं होतं. वृषालीनंही धरलं होतं. त्यात चूक काहीच नव्हतं आणि तरी माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

आता खरं सांगूनच टाकते. मी वृषालीवर चार वर्षं जळत होते. आमच्या अभ्यासिकेत पंचेचाळीस खुर्च्या होत्या, प्रत्येक खुर्चीपुढं प्लायवूडचा आडोसा आणि त्यावर ज्याचे त्याचे चिकटवलेले कागद. माझ्या आडोशावर इतके कागद होते की प्लायवूड दिसायचं नाही. तिच्या आडोशावर एक नकाशा होता, तोही मागच्या वर्षीच्या कुणीतरी सोडून गेलेला. कुणाला राज्यघटनेतलं एखादं कलम अडलं की देसाई सर खुर्चीतून न उठता म्हणायचे, "वृषालीला विचारा." सर म्हणजे अभ्यासिकेचे मालक, निवृत्त ग्रामसेवक, आणि कौतुकाच्या बाबतीत अत्यंत कंजूष. ती रात्री दहाला झोपायची, दुपारी डबा खाऊन पुन्हा एक डुलकी काढायची आणि सराव पेपरात माझ्यापेक्षा बारा-पंधरा मार्क जास्त घ्यायची. तिचा राग यायला एवढं पुरे होतं. त्यात ती चांगली होती. स्वतःच्या नोट्स सगळ्यांना द्यायची, मला तर मागायच्या आधी द्यायची.

निकाल लागला की मी आधी तिचा नंबर शोधायचे आणि मग माझा. तिचा बैठक क्रमांक मला पाठ असायचा. दोनदा ती मुलाखतीपर्यंत जाऊन आली. एकदा तीन मार्कांनी गेलं, एकदा एका मार्कानं. त्या एका मार्काच्या दिवशी मी तिला रसवंतीवर नेलं, तिचे डोळे पुसले, पुढच्या वेळी नक्की होईल म्हणाले आणि घरी जाऊन नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली.

तीच ती परीक्षा, जिच्यात मी नायब तहसीलदार झाले. तेही सरळ झालं नाही. पहिल्या यादीत मी एका जागेनं बाहेर होते. ते सात दिवस मी अभ्यासिकेत तोंड पाडून बसले. कुणाला फोन करायचा नाही, कुणापुढं पदर पसरायचा नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं. वृषाली मात्र त्या आठवड्यात सारखी फोन घेऊन गच्चीवर जायची आणि मी वर गेले की बोलणं तोडायची. मला वाटलं, हिला स्थळ आलंय आणि बोलणी जोरात चाललीत. मुलाखतीत नुकतीच पडलेली पोरगी, आणि तरी तिच्या आयुष्यात काहीतरी छान घडतंय, या विचारानं माझा जळफळाट झाला. मग अंतिम यादी लागली आणि तिच्यात माझं नाव होतं. वरचा कुणीतरी बाहेर पडला होता. मी म्हटलं, आपल्या कष्टांना एकदाचं फळ आलं.

वृषालीनं तेव्हा मला उचलून गोल फिरवलं होतं. स्थळाचं पुढं काही ऐकू आलं नाही.

कर निरीक्षकाची यादी लागली तेव्हा तिचा हा शेवटचा प्रयत्न होता. वयानं नव्हे, शब्दानं. तिचे वडील एसटीत कंडक्टर होते आणि मे महिन्यात निवृत्त होणार होते. तिनं त्यांना सांगितलं होतं, "अण्णा, तुमच्या अंगावर खाकी आहे तोवर मला वेळ द्या. त्यानंतर मी परीक्षेचं नाव काढणार नाही." तिचे शब्द असे असायचे आणि ती ते पाळायची, हाही तिचा एक ताप होता.

पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, अभ्यासिकेत माझा सत्कार होता. खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या आणि फळ्यावर रंगीत खडूनं माझं नाव लिहिलं होतं. अक्षर वृषालीचं होतं. आई पहिल्यांदाच अभ्यासिकेत आली होती, मसूरहून सकाळच्या गाडीनं, डोक्यावरचा पदर सारखा सारखा करत.

मी आत येताच वृषालीनं मला कोपऱ्यात ओढलं. "दोन झाले," ती कानात म्हणाली. "जालन्याची एक मॅडम आणि सांगलीचा एकजण. दोघांनी पोचपावतीचे फोटो पण पाठवले. बाकीचे सगळे नाही म्हणाले. आता तूच."

"करते की," मी म्हटलं.

"तू करशीलच गं. मी नुसता हिशोब सांगितला."

देसाई सरांनी शाल घातली, नारळ दिला आणि भाषणाला उभे राहिले. मी मान खाली घालून हसू आवरत होते. चार वर्षांत या माणसानं मला एकदाही शाबास म्हटलं नव्हतं.

"हर्षदा भोईटे नायब तहसीलदार झाली," सर म्हणाले, "अभिमान आहेच. कष्टाळू पोरगी. पण मी खोटं बोलणार नाही. हर्षदा, मुख्य परीक्षेच्या आदल्या दिवशी तू कुणाच्या नोट्स वाचत होतीस, सांग सगळ्यांना."

सगळे हसले. मीही हसले. हसावं लागलं.

"वृषालीच्या," मी म्हटलं.

"आणि मुलाखतीची तयारी कुणी करून घेतली?"

"वृषालीनंच."

"बघा," सर म्हणाले. "आता आपल्याला पुढच्या आठवड्यात दुसरा सत्कार करायचाय. आणि तो मोठा करायचा. मी लाऊडस्पीकर सांगून ठेवलाय."

टाळ्या पडल्या. माझ्या नावाला पडल्या होत्या त्याहून जास्त पडल्या. मी मोजत नव्हते, पण कानाला कळतं. मग आई पेढ्यांचा पुडा घेऊन उठली. मी तोंड पुढं केलं. आई माझ्यासमोरून गेली आणि वृषालीपाशी थांबली. तिच्या तोंडात पेढा घालून म्हणाली, "तुझ्यामुळं माझी पोरगी लागली बघ बाई. तुझे लई उपकार झाले." वृषाली रडायला लागली, आईपण रडायला लागली आणि मी शाल खांद्यावर सावरत उभी राहिले. नंतर आईनं मलाही पेढा दिला. तो मी पिशवीत टाकला.

सातवा दिवस मंगळवार होता. मुदत संध्याकाळी सहापर्यंत होती. मी मसूरला घरीच होते. मोबाइलवर दुपारी साडेतीनला ते पान उघडलं. माझं नाव, पदाचं नाव आणि खाली एक चौकट, हे पद मला नको आहे अशा मजकुराची. चौकटीत टिचकी मारायची, मोबाइलवर सहा आकडे येतात ते टाकायचे आणि बटण दाबायचं. मग पोचपावती येते. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम.

सहा आकडे आले. मी ते वाचले. अंगणात आई आणि शेजारच्या काकू कुरडया घालत होत्या.

"हर्षे," आईनं बाहेरून हाक मारली, "वृषालीचं काम केलंस का?"

नाव माझं, परीक्षा मी दिलेली, जागा मी मिळवलेली, आणि त्याला म्हणायचं वृषालीचं काम. आकड्यांची मुदत संपली आणि पान पहिल्यापासून सुरू झालं.

त्या दुपारी मी स्वतःला बरीच कारणं सांगितली. नेमणुकीचं पत्र अजून हातात आलं नाही, उद्या काही घोटाळा झाला तर? दोन पदं असलेली काय वाईट? सगळी कारणं बरोबर होती आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. खरं एवढंच होतं की वृषाली लागली असती तर माझं जे काही झालं होतं ते सगळं तिच्या सावलीत गेलं असतं. देसाई सरांनी लाऊडस्पीकर लावला असता. ती लागली नाही, तर निदान एका बाबतीत मी तिच्या पुढं होते. तेवढी एकच गोष्ट माझी होती आणि ती मला सोडवत नव्हती.

पाच वाजता तिचा फोन आला.

"झालं का गं?"

"झालं," मी म्हटलं.

"पोचपावती आली?"

"आली."

"जपून ठेव हं," ती म्हणाली. "हर्षू, अण्णांना सांगू का आज? का यादीची वाट बघू?"

"यादी लागू दे," मी म्हटलं. "घाई कशाला."

फोन ठेवला तेव्हा पाच वाजून चार मिनिटं झाली होती. खोटं बोलून झालं होतं, पण ते खरं करायला अजून छप्पन्न मिनिटं होती. हे मला तेव्हाही कळत होतं. मी पुन्हा पान उघडलं, पुन्हा आकडे आले. पावणेसहाला मी मोबाइल गादीवर पालथा टाकला आणि अंगणात जाऊन आईला कुरडयांची परात आत न्यायला मदत केली. परत आले तेव्हा सहा वाजून गेले होते आणि पानावर मुदत संपल्याची ओळ आली होती. मला रडू आलं नाही. भूक मात्र चांगली लागली होती.

आठ दिवसांनी अंतिम यादी लागली. जालन्याचं नाव गेलं होतं, सांगलीचं गेलं होतं. माझं जागेवर होतं. वृषाली एका जागेनं बाहेर होती.

मी अभ्यासिकेत पोचले तेव्हा देसाई सर संगणकापुढं बसून यादी वरखाली करत होते. वृषाली त्यांच्या मागं उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मीच आधी बोलले.

"मी केलं होतं गं. देवाशप्पथ केलं होतं. नेटचं काहीतरी झालं असणार."

"असणार," ती म्हणाली.

सर गर्रकन वळले. "असणार म्हणजे? असं कसं होईल? पोचपावती आलीय ना तुला? काढ. आत्ताच्या आत्ता मेल करू, तक्रार करू. मी स्वतः मुंबईला जातो. हर्षदा, पोचपावती दाखव."

माझ्या हातात मोबाइल होता. मी उगाचच तो उघडला आणि बोट फिरवायला लागले. फोटो, मेसेज, पुन्हा फोटो.

"राहू द्या सर," वृषाली म्हणाली.

"का राहू द्या? तुझ्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"तिचं नेमणुकीचं पत्र तोंडावर आहे. तक्रार, चौकशी, कुठं तिचं नाव अडकलं म्हणजे? नसती भानगड नको." तिनं सरांच्या हाताखालचा माऊस घेतला आणि यादी बंद केली. "मला चहा पाहिजे. तुम्हाला?"

मला हायसं वाटलं. मी खुर्चीवर बसले. मनात आलं, किती भोळी आहे ही. आणि सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला थोडं बरंही वाटलं. एवढी हुशार, सगळ्या कराडला कलमं समजावून सांगणारी, आणि समोरचं खोटं ओळखता येत नाही हिला.

मे महिन्यात तिचे वडील निवृत्त झाले आणि तिनं परीक्षेचा नाद सोडला. देसाई सरांच्या अभ्यासिकेत ती शिकवायला लागली. दोन वर्षांनी तिचा स्वतःचा क्लास झाला. पोरं लागायला लागली, पहिल्या वर्षी चार, मग नऊ, मग मोजदाद अवघड व्हायला लागली. दरवर्षी त्यांच्या सत्काराला ती मला बोलवायची. "आमच्या हर्षदा मॅडम," म्हणून पोरांना ओळख करून द्यायची. मी जायचे, नारळ वाटायचे, गाडीत बसून परत यायचे. पोरं माझ्या पाया पडायची आणि मग धावत तिच्याकडं जायची.

मध्ये बरीच वर्षं गेली. मी तहसीलदार झाले. एका निवडणुकीच्या आधी जिल्ह्याला प्रशिक्षण होतं. दुपारी चहाला माझ्या शेजारी एक गटविकास अधिकारी येऊन उभे राहिले, नुकतेच बदलून आलेले, धुमाळ नावाचे. गोल चेहरा, मोठं हसणं, बशीत तीन बिस्किटं.

"मॅडम, तुम्ही मूळच्या कराडकडच्या?"

"हो, मसूरची."

"हर्षदा भोईटे." ते हसायला लागले. "म्हणजे तुमची खुर्ची आधी माझी होती."

मला कळलं नाही. ते म्हणाले, "तुमच्या नायब तहसीलदारच्या यादीत मी तुमच्यावर होतो. मला आदल्या वर्षीच ही पोस्ट मिळाली होती. मी काय तिथं येणार नव्हतो, पण नाव काढायचं असतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. चुलत भावाच्या लग्नात होतो. तर एक मुलगी फोनवर फोन. एका दिवसात पाचवेळा. शेवटी मी वैतागलो. म्हटलं, बाई, तुमचा नंबर कितवा आहे यादीत? तर म्हणाली, माझा नाहीच, मी मुलाखतीतच गेले."

मी कप बशीत ठेवला.

"मैत्रिणीसाठी करतेय म्हणाली. म्हटलं, मग मैत्रिणीला करू दे की फोन. तर म्हणाली, सर, ती नाही करणार, तिला कुणाकडं काही मागता येत नाही. आणि मी केला हे तिला कळू देऊ नका, तिला ते सहन होणार नाही." धुमाळांनी एक बिस्किट चहात बुडवलं. "आता एवढ्या वर्षांनी सांगायला काय हरकत आहे. आमची ओळख तेव्हापासूनची. तिच्या क्लासच्या पोरांच्या मुलाखतींचा सराव मी घेतो दरवर्षी."

"मग तुम्ही लगेच काढलं नाव?" मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"लगेच कसलं. मंगल कार्यालयात रेंज नव्हती. मी म्हटलं, बटण दाबलंय, झालं असेल. ती ऐकेना. सर, पोचपावती आली का? म्हटलं, नाही अजून. म्हणाली, मग झालेलं नाही. पोचपावती आली म्हणजे नाव निघालंच, आणि नाव राहिलं म्हणजे पोचपावती आलीच नव्हती. आल्याशिवाय उठू नका. मग काय, मोटारसायकल काढून हायवेला गेलो, तिथं रेंज मिळाली." ते हसले. "अक्षता पडल्या तेव्हा नवरदेवाचा भाऊ हायवेवर."

त्यानंतर दुपारभर मतदान यंत्रावर कोण काय बोललं ते मला आठवत नाही. मला ती गच्ची आठवत होती, आणि मी वर गेल्यावर बोलणं तोडणारी वृषाली. ती म्हणाली होती, "जपून ठेव हं." यादी लागल्यावर ती म्हणाली होती, "असणार." जानेवारीत ज्या मुलीला पोचपावतीचा अर्थ इतका नेमका माहीत होता, तिला मार्चमध्ये तो माहीत नव्हता असं कसं होईल? माझा मोबाइल उघडून मी फोटो चाळत होते, सर हात पुढं करून उभे होते, तेव्हा तिला चहा आठवला होता.

प्रशिक्षण सुटल्यावर गाडीत बसले आणि ड्रायव्हरला जरा चहा पिऊन या म्हणून पाठवलं. वृषालीला फोन लावला. क्लास चालू असावा, मागं पोरांचा गलका होता.

"धुमाळ भेटले होते आज," मी म्हटलं.

पावलांचा आवाज आला, दार लागलं, गलका कमी झाला.

"सांगितलं वाटतं," ती म्हणाली. "त्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू तेव्हाच ती नोकरी लाथाडली असतीस. तुझा स्वभाव काय मला माहीत नव्हता?"

"वृषाली, त्या दिवशी देसाई सर मागत होते," मी म्हटलं. "तू मध्ये पडलीस. तू का नाही मागितलीस माझ्याकडं पोचपावती?"

"तुझ्याकडं होती का?"

यादी लागल्यापासून एवढ्या वर्षांत तिनं मला हे पहिल्यांदाच विचारलं होतं. आवाज नेहमीचाच होता, एखाद्या पोराला कलम विचारावं तसा.

"नव्हती," मी म्हटलं.

"मग मागून काय करायचं होतं?"

ड्रायव्हर समोरच्या टपरीवर उभा राहून बशीत चहा ओतत होता. मी त्याच्याकडं बघत राहिले. मागता येत नाही हे तर सगळ्यांना माहीत होतं, आता माफीही मागता येत नव्हती.

"हर्षू, आहेस ना?"

"आहे."

"रविवारी सत्कार आहे, विसरू नको. आणि आईंना घेऊन ये, बरेच दिवसांत भेटल्या नाहीत. यंदा बावीसजण आहेत."

"येते," मी म्हटलं.

फोन ठेवला. माफी मागायची राहूनच गेली, याचं वाईट वाटलं ते नंतर. त्याआधी मनात एकच शब्द उमटून गेला होता, बावीस, आणि पोटात तेच जुनं काहीतरी दुखलं होतं.